चव्वेचाळीस नंबर

सिरॅक्यूज विद्यापीठाचा पिनकोड १३२४४ आहे आणि विद्यापीठातले फोन नंबर ४४३ ने सुरू होतात. दोन्हीकडे आलेला ४४ हा योगायोग नाही. विद्यापीठाने तो मागून घेतला. न्यूयॉर्क राज्याच्या मध्यभागी असलेल्या आणि वर्षातले कितीतरी महिने बर्फात काढणाऱ्या या गावात ४४ हा आकडा अमेरिकन फुटबॉलच्या जर्सीवरचा आहे. जिम ब्राऊन, एर्नी डेव्हिस आणि फ्लॉइड लिटल या तिघांनी १९५४ ते १९६६ या काळात ती जर्सी घातली. विद्यापीठाच्या संघाचा आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू कोण, हा वाद तेव्हापासून बहुतेक याच तीन नावांभोवती फिरतो. ‘बहुतेक’ म्हणायचे, कारण या वादातले सगळ्यांत अडचणीचे दावेदार ती जर्सी कधीच न घातलेले आहेत.

वादात यार्डांचा हिशेब सारखा येतो, म्हणून खेळाची जुजबी ओळख हवी. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला चेंडू हातात धरून किंवा फेकून शंभर यार्डांच्या मैदानावर पुढे न्यायचा असतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकता आले तर चेंडू आपल्याकडे राहतो, नाही तर प्रतिस्पर्ध्याकडे जातो. अखेरच्या रेषेपलीकडे तो नेला की टचडाऊन, म्हणजे सहा गुण. त्यानंतर किक मारून तो दोन खांबांमधून घालवला की आणखी एक. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, हाफबॅक आणि फुलबॅक तो घेऊन धावतात आणि पुढच्या फळीतले धिप्पाड लाइनमन त्यांच्यासाठी वाट मोकळी करतात. वाट मोकळी करणाऱ्याच्या नावावर मात्र एकही यार्ड लागत नाही.

सिरॅक्यूजमध्ये हा खेळ १८८९ मध्ये सुरू झाला आणि रोचेस्टरविरुद्धचा पहिलाच सामना संघाने ०-३६ असा गमावला. १९०७ मध्ये आर्चबोल्ड स्टेडियम उभे राहिले. स्टँडर्ड ऑइल कंपनीतले जॉन आर्चबोल्ड यांच्या पैशातून बांधलेले हे काँक्रीटचे स्टेडियम पुढची सत्तर वर्षे संघाचे घर होते. पहिल्या अर्धशतकातल्या खेळाडूंची नावे आज फारशी कोणी काढत नाही. एक अपवाद आहे, आणि त्याच्या आडनावाशी भारतीय वाचक नक्की थबकेल.

विल्मेथ सिदत-सिंग १९१८ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मला. जन्माचे आडनाव वेब. औषधविक्रेते असलेले वडील वारल्यावर आईने सॅम्युएल सिदत-सिंग या भारतीय वंशाच्या डॉक्टरशी लग्न केले आणि त्यांनी मुलाला आपले नाव दिले. कुटुंब न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात स्थायिक झाले. सिरॅक्यूजला विल्मेथ आला तो बास्केटबॉल खेळायला. विद्यार्थ्यांच्या आपापसातल्या एका फुटबॉल सामन्यात त्याची फेक सहायक प्रशिक्षक रॉय सिमन्स यांच्या नजरेत भरली आणि त्यांनी त्याला विद्यापीठाच्या संघात ओढले. वर्तमानपत्रे त्याला ‘हिंदू’ म्हणत. त्या काळच्या अमेरिकेत भारतातून आलेल्या कोणालाही, मग तो शीख असो की मुसलमान, हाच शब्द लावला जाई. हा गैरसमज विद्यापीठाने दूर केला नाही, कारण तो सोयीचा होता. दक्षिणेकडच्या विद्यापीठांशी खेळताना उत्तरेकडच्या संघांनी आपले कृष्णवर्णीय खेळाडू बाहेर बसवायचे, असा अलिखित रिवाज होता, आणि ‘हिंदू’ खेळाडू त्या रिवाजातून निसटत होता.

२३ ऑक्टोबर १९३७ रोजी बाल्टिमोरमध्ये मेरिलँडविरुद्ध सामना होता. त्याच सुमारास सॅम लेसी या कृष्णवर्णीय पत्रकाराने सिदत-सिंगचा खरा वंश छापून टाकला. लेसींचा हेतू त्याला अडवण्याचा नव्हता. कृष्णवर्णीय खेळाडू कृष्णवर्णीय म्हणूनच मैदानात उतरावा, एवढे त्यांचे म्हणणे होते. परिणाम उलटा झाला. मेरिलँडने त्याच्यासह खेळायला नकार दिला, सिरॅक्यूजने मान तुकवली, सिदत-सिंग बाहेर बसला आणि संघ ०-१३ असा हरला. संघात मार्टी ग्लिकमन हा ज्यू धावपटूही होता. वर्षभरापूर्वी बर्लिन ऑलिम्पिकमध्ये त्याला रिले शर्यतीतून ऐनवेळी काढून टाकले होते. मित्र बाहेर बसत असेल तर मीही खेळणार नाही, असे म्हणावे हे त्याच्या मनात आले होते, पण तो बोलला नाही. त्या गप्प बसण्याची खंत त्याने पुढे आत्मचरित्रात नोंदवली.

पुढच्या हंगामात सिदत-सिंगने कॉर्नेलविरुद्ध अखेरच्या काही मिनिटांत टचडाऊनच्या तीन फेकी करून हातचा गेलेला सामना १९-१७ असा खेचून आणला. ग्रँटलँड राइस हे त्या काळचे देशातले सर्वांत नावाजलेले क्रीडालेखक. त्यांनी त्याचे तोंड भरून कौतुक केले. मेरिलँडचा संघ सिरॅक्यूजला आला तेव्हा सिदत-सिंग मैदानात होता आणि निकाल ५३-० लागला. दुसऱ्या महायुद्धात तो टस्कीगीच्या कृष्णवर्णीय वैमानिकांत दाखल झाला आणि ९ मे १९४३ रोजी मिशिगनमध्ये सरावाच्या उड्डाणात विमान बिघडल्याने ह्युरॉन सरोवरात पडून बुडाला. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. सर्वश्रेष्ठांच्या याद्यांत त्याचे नाव क्वचित येते, आले तर तळटीपेसारखे. ज्या खेळाडूला कुठल्या सामन्यात उतरायचे हेच दुसरे ठरवत होते, त्याची बेरीज कमी भरणारच.

१९४८ मध्ये सिरॅक्यूजने नऊपैकी एकच सामना जिंकला. त्यानंतर आलेले प्रशिक्षक बेन श्वार्ट्झवाल्डर हे पश्चिम व्हर्जिनियाचे. नॉर्मंडीत पॅराशूटने उतरलेले, शौर्यपदके मिळवलेले माजी सैनिक. त्यांचा विश्वास फेकीवर कमी आणि धावण्यावर जास्त. लाइनमननी एका बाजूला धक्का द्यायचा आणि धावणाऱ्याने दुसऱ्याच बाजूने कापत जायचे, ही त्यांच्या डावपेचांची नेहमीची चाल होती. ४४ नंबरचे तिन्ही मानकरी धावणारेच असावेत, हे निम्मे तरी या एका माणसाच्या आवडीतून घडले. ते पंचवीस वर्षे टिकले आणि त्यांनी १५३ सामने जिंकले. सुरुवात मात्र लाजिरवाणी होती: १ जानेवारी १९५३ च्या ऑरेंज बाऊल या हंगामानंतरच्या सामन्यात अलाबामाने संघाला ६१-६ असे धुतले.

जिम ब्राऊन १९५३ मध्ये आला. जन्म जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या सेंट सायमन्स बेटावर, १९३६ चा. वाढला न्यूयॉर्कजवळच्या मॅनहॅसेटमध्ये. त्याला शिष्यवृत्ती मिळालेली नव्हती. मॅनहॅसेटचे वकील केनेथ मोलॉय हे सिरॅक्यूजचे माजी विद्यार्थी. त्यांनी गावातल्या लोकांकडून वर्गणी गोळा करून पहिल्या वर्षाचा खर्च भागवला आणि ब्राऊनला ती शिष्यवृत्तीच आहे असे भासवले. खरा प्रकार त्याला नंतर कळला. त्याच्याआधी संघात अव्हेटस स्टोन नावाचा कृष्णवर्णीय खेळाडू होता. स्टोनचे वागणे प्रशिक्षकांना मानवले नव्हते आणि ‘त्याच्यासारखा होऊ नकोस’ हे ब्राऊनला वारंवार ऐकवले गेले. प्रत्यक्ष खेळायची पाळी आली तेव्हा त्याचा नंबर राखीवांच्याही मागे, पाचव्या फळीत होता. जर्सीवरच्या ४४ ला तेव्हा काहीच वलय नव्हते.

तीन हंगामांत त्याने ४३९, ६६६ आणि ९८६ यार्ड धाव घेतली. १७ नोव्हेंबर १९५६ रोजी कोलगेटविरुद्ध त्याने १९७ यार्ड धावून सहा टचडाऊन केले आणि त्यावरच्या सात किकही त्यानेच मारल्या. एका खेळाडूचे ४३ गुण, सामना ६१-७. १ जानेवारी १९५७ च्या कॉटन बाऊलमध्ये टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाविरुद्ध त्याने १३२ यार्ड आणि तीन टचडाऊन काढले. चारपैकी त्याची एक किक अडवली गेली आणि सामना २७-२८ असा गेला. अमेरिकेतल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणारी हाइसमन ट्रॉफी त्या वर्षी नोत्र दामच्या पॉल हॉर्नंगला मिळाली, ज्याच्या संघाने दहापैकी दोनच सामने जिंकले होते. ब्राऊन पाचवा आला. हरणाऱ्या संघातल्या खेळाडूला हाइसमन मिळण्याची वेळ त्याआधी आणि त्यानंतर आलेली नाही. पाचव्या क्रमांकाचे कारण फक्त कातडीचा रंग होते असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण हा पुरस्कार तोवर एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला मिळालेला नव्हता, हेही विसरता येत नाही.

ब्राऊनची बाजू घेणारे लोक यार्डांवर थांबत नाहीत. तो बास्केटबॉल खेळला, डेकॅथलॉनमध्ये उतरला, आणि जाळीदार काठ्यांनी खेळल्या जाणाऱ्या लॅक्रॉसमध्ये तर अनेकांच्या मते तो फुटबॉलपेक्षाही सरस होता. १९५७ च्या हंगामात त्याने लॅक्रॉसचे ४३ गोल केले आणि संघ एकही सामना हरला नाही. त्या मे महिन्यातला एक शनिवार सिरॅक्यूजमध्ये अजून सांगितला जातो. सकाळपासून कोलगेटविरुद्ध मैदानी स्पर्धा होत्या. ब्राऊनने उंच उडी आणि थाळीफेक जिंकली, भालाफेकीत दुसरा आला, आणि तिथून कपडे बदलून लष्करी अकादमीविरुद्ध हंगामाचा शेवटचा लॅक्रॉस सामना खेळायला गेला. तोही संघाने जिंकला. फुटबॉल आणि लॅक्रॉस या दोन्ही खेळांच्या राष्ट्रीय सन्मानयाद्यांत त्याचे नाव आहे.

एर्नी डेव्हिस सिरॅक्यूजपासून फार दूर नसलेल्या एल्मायरा गावचा, त्यामुळे त्याचे टोपणनाव ‘एल्मायरा एक्सप्रेस’. त्याला सिरॅक्यूजकडे वळवण्यात ब्राऊनचाही हात होता आणि आल्यावर त्याला ब्राऊनचाच नंबर मिळाला. ४४ ची परंपरा ही अशी, दुसऱ्या माणसाने सुरू केली. १९५९ चा त्याचा पहिलाच हंगाम संघाच्या इतिहासातला एकमेव राष्ट्रीय अजिंक्यपदाचा हंगाम ठरला. दहा सामन्यांत ३९० गुण. पाच प्रतिस्पर्ध्यांना शून्यावर रोखले. समोरच्या संघांना धावून मिळालेले यार्ड सामन्यामागे सरासरी वीससुद्धा नव्हते. डेव्हिसच्या यशाची गोष्ट सांगताना रॉजर डेव्हिस या लाइनमनचे आणि त्याच्या फळीचे नाव गाळले जाते. त्या वर्षी सगळ्या निवडकर्त्यांनी एकमताने देशाच्या सर्वोत्तम संघात घेतलेला सिरॅक्यूजचा खेळाडू एर्नी नव्हे, तर हा दुसरा, नात्यागोत्याने कोणीही नसलेला डेव्हिस होता. यार्ड न मोजल्या जाणाऱ्या जागी खेळल्याची किंमत त्याने आजवर मोजली आहे.

१ जानेवारी १९६० रोजी डॅलसमध्ये कॉटन बाऊलची गाठ टेक्सासशी पडली. डेव्हिसची मांडी दुखावलेली होती. तरीही सुरुवातीलाच सहकारी गेर श्वेडेसने फेकलेला चेंडू घेऊन तो गेला आणि ८७ यार्डांचा टचडाऊन झाला. त्यानंतर आणखी एक टचडाऊन, किकऐवजी चेंडू पुन्हा रेषेपार नेऊन मिळवायचे दोन जादा गुण दोनदा आणि बचाव करताना प्रतिस्पर्ध्याची एक फेक मधल्यामध्ये टिपणे, एवढे सगळे त्याने केले. सिरॅक्यूज २३-१४ ने जिंकले. मैदानात वर्णद्वेषी शिवीगाळ झाली, हातघाई झाली. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू डेव्हिसच होता, पण रात्रीच्या समारंभात शेवटपर्यंत थांबण्याची मुभा त्याला आणि त्याच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना नव्हती. डेव्हिसवरचा ‘द एक्सप्रेस’ हा २००८ चा चित्रपट त्याच हंगामातला वेस्ट व्हर्जिनियाचा सामना त्यांच्या मैदानावर, वर्णद्वेषी गर्दीसमोर झाल्याचे दाखवतो. खरे तर तो सामना सिरॅक्यूजमध्ये झाला होता आणि निकाल ४४-० होता. दंतकथा कशा पक्क्या होतात याचा हा नमुना. डॅलसमध्ये खरोखर घडलेले एवढे हाताशी असताना नवे रचण्याची गरजही नव्हती.

डिसेंबर १९६१ मध्ये डेव्हिसला हाइसमन मिळाली. ओहायो स्टेटच्या बॉब फर्ग्युसनला ७७१ गुण, डेव्हिसला ८२४. तो पहिला कृष्णवर्णीय हाइसमन विजेता. राष्ट्राध्यक्ष केनेडी त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये होते; त्यांनी त्याला बोलावून घेऊन हात मिळवला. व्यावसायिक संघांच्या निवडीत वॉशिंग्टनने त्याला देशात सर्वांत आधी उचलले आणि लगेच बॉबी मिचेलच्या बदल्यात क्लीव्हलँडला दिले, म्हणजे जिम ब्राऊनच्याच संघात. दोघे एकत्र धावले असते. १९६२ च्या उन्हाळ्यात डेव्हिसला रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले. क्लीव्हलँडच्या स्टेडियममध्ये एका रात्री प्रेक्षकांना ओळख करून देण्यासाठी तो प्रकाशझोतात मैदानावर आला, तेवढाच. एकही व्यावसायिक सामना न खेळता १८ मे १९६३ रोजी तो तेविसाव्या वर्षी गेला. अंत्यदर्शनाला एल्मायरात हजारो लोकांची रांग लागली होती. मार्क ट्वेनची कबर ज्या वुडलॉन दफनभूमीत आहे, तिथेच त्यालाही पुरले.

ब्राऊन की डेव्हिस, या प्रश्नावर आकड्यांनी एक विलक्षण सोय करून ठेवली आहे. नियमित हंगामांत ब्राऊन चेंडू घेऊन ३६१ वेळा धावला, डेव्हिस ३६० वेळा. ब्राऊनचे यार्ड २,०९१, डेव्हिसचे २,३८६. धावण्यामागे जवळजवळ एक यार्ड जास्त, तोही त्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली. केवळ महाविद्यालयीन कागदपत्रे समोर ठेवली तर डेव्हिसचे पारडे जड आहे, हे ब्राऊनवादी मान्य करायला तयार नसतात. त्यांचे उत्तर दोन प्रकारचे असते. एक, डेव्हिसच्या पुढे अजिंक्य संघाची भिंत होती, ब्राऊनच्या पुढे नव्हती. दुसरे, ब्राऊनने नंतर नऊ व्यावसायिक हंगामांत १२,३१२ यार्ड काढले आणि आठ वेळा तो देशात पहिला आला. पहिला मुद्दा वजनदार आहे. दुसरा मुळात या वादात बसत नाही; १९५६ चा विद्यार्थी १९६३ मधल्या विक्रमांनी मोठा ठरवणे म्हणजे वर्षअखेरचा निकाल पाहून सहामाहीचे गुण वाढवणे. पण लोकांच्या आठवणी असा भेद करत नाहीत, आणि डेव्हिसच्या बाबतीत नेमकी तीच जागा रिकामी आहे.

फ्लॉइड लिटल कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनचा, बाकदार पायांचा. लष्करी अकादमीने त्याच्यासाठी साक्षात जनरल मॅकआर्थर यांची भेट घडवून आणली होती. डेव्हिस स्वतः त्याच्या घरी येऊन गेला होता. डेव्हिस गेल्याची बातमी ऐकल्यावर आपण सिरॅक्यूजला फोन करून येतो म्हणून कळवले, असे लिटल आयुष्यभर सांगत राहिला. १९६४ मध्ये कॅन्ससविरुद्ध पहिल्याच हंगामात त्याने पाच टचडाऊन केले; समोरच्या संघात पुढे गाजलेला गेल सेयर्स होता आणि सामना ३८-६ असा सुटला. १९६५ मध्ये लिटलने १,०६५ यार्ड धाव घेतली. तिन्ही वर्षे तो देशाच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला, जे ब्राऊन आणि डेव्हिस यांपैकी कोणालाही जमले नाही. हाइसमनच्या मतदानात तो दोनदा पाचवा आला, ब्राऊनसारखाच.

लिटलच्या शेजारी त्याच काळात लॅरी झोंका धावत होता. ओहायोच्या शेतकरी कुटुंबातला हा फुलबॅक सुरुवातीला बचावात खेळे. श्वार्ट्झवाल्डर यांनी त्याला पुढे आणले आणि तो तीन हंगामांत २,९३४ यार्ड धावला; ब्राऊन, डेव्हिस, लिटल तिघांच्याही पुढे. ३१ डिसेंबर १९६६ च्या गेटर बाऊलमध्ये टेनेसीविरुद्ध लिटल २१६ यार्ड धावला आणि झोंका ११४, तरी संघ १२-१८ असा हरला. झोंका पुढे मायामीच्या १९७२ च्या अपराजित संघाचा कणा ठरला. त्याची जर्सी ३९ नंबरची होती. ती ४४ असती तर वाद तिघांचा न राहता चौघांचा झाला असता, हे म्हणायला फारशा धाडसाची गरज नाही.

या सगळ्या बेरजा वाचताना काही नियम डोक्यात ठेवावे लागतात. १९७२ पर्यंत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात खेळता येत नसे, म्हणून जुन्यांना तीनच हंगाम मिळाले. १९५६ मध्ये संघाचा नियमित हंगाम आठ सामन्यांचा होता, पुढे तो अकरांचा झाला. हंगामानंतरच्या बाऊल सामन्यांतले आकडे २००२ पर्यंत अधिकृत बेरजेत धरत नसत. ब्राऊनचे कॉटन बाऊलमधले १३२ यार्ड आणि लिटलचे गेटर बाऊलमधले २१६ त्यांच्या खात्यावर नाहीत. शिवाय १९५३ पासून दशकभर खेळाडू बदलण्यावर कडक बंधने होती. ब्राऊन आणि डेव्हिस चढाईत धावत आणि लगेच वळून बचावालाही उभे राहत. आजचा धावपटू बचावाच्या वेळी बाकावर बसून पाणी पीत असतो.

१९७० मध्ये हा इतिहास एका वेगळ्याच जागी अडला. संघातल्या नऊ कृष्णवर्णीय खेळाडूंनी चार मागण्या मांडल्या: अभ्यासात गोऱ्या खेळाडूंइतकीच मदत, नीट वैद्यकीय उपचार, जागा गुणवत्तेवर, आणि प्रशिक्षकांत एक तरी कृष्णवर्णीय माणूस. मागण्या मान्य होईनात तेव्हा ते वसंतातल्या सरावाला गेले नाहीत, आणि त्यांना संघाबाहेर काढण्यात आले. वर्तमानपत्रांनी मोजताना चूक करून त्यांना ‘सिरॅक्यूजचे आठ’ म्हटले आणि तेच नाव चिकटले. मध्यस्थीसाठी जिम ब्राऊन स्वतः आला, पण तोडगा निघाला नाही. विद्यापीठाने नेमलेल्या समितीने डिसेंबरमध्ये अहवाल दिला, की क्रीडा विभागातला वर्णभेद खरा आहे आणि जुना आहे. ज्या प्रशिक्षकाने ब्राऊन, डेव्हिस आणि लिटल घडवले, त्याच्याच कारकिर्दीत हे घडले. बहुतेकांचे महाविद्यालयीन फुटबॉल तिथेच संपले. विद्यापीठाने त्यांची माफी मागून त्यांना मानाची जॅकेटे दिली ती २००६ मध्ये. श्रेष्ठांच्या कोणत्याही यादीत त्यांची नावे नाहीत. न खेळलेल्या हंगामांचे आकडे नसतात.

श्वार्ट्झवाल्डर १९७३ नंतर निवृत्त झाले आणि काही वर्षे संघ मागे पडला. मग जो मॉरिस आला. उंची जेमतेम पाच फूट सात इंच, नंबर ४७. चार हंगामांत ४,२९९ यार्ड, म्हणजे ब्राऊनच्या दुपटीहून जास्त. त्यातले पहिल्या वर्षाचे १,००१ यार्ड वजा केले, म्हणजे जुन्यांना नसलेला हंगाम सोडून दिला, तरी ३,२९८ उरतात. त्याचा सर्वांत मोठा हंगाम १९७९ चा, १,३७२ यार्डांचा, आणि त्या वर्षी संघाला घरच नव्हते. आर्चबोल्ड स्टेडियम पाडले जात होते, छपराचे नवे स्टेडियम, म्हणजे डोम, तयार नव्हते, आणि ‘घरचे’ सामने बफेलो, न्यू जर्सी आणि इथाका इथे होत होते. प्रत्येक शनिवारी बसमध्ये बसून जायचे आणि परक्या मैदानावर धावायचे. एवढे असून मॉरिस वादात दुसऱ्या रांगेत राहतो. संघ सामान्य होता, हे एक कारण. आठवणीतले तीन चेहरे आधीच पक्के झाले होते, हे दुसरे, आणि बहुधा खरे.

१९८० मध्ये डोम उघडले आणि खेळ बर्फातून छपराखाली आला. धावणाऱ्यांच्या गावात आता फेकणारे आले. क्वार्टरबॅक डॉन मॅकफर्सनने १९८७ मध्ये संघाला नियमित हंगामात अपराजित ठेवले. शेवटच्या सामन्यात वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध बरोबरीसाठी एका गुणाची किक सोडून त्यांनी दोन गुणांचा जुगार घेतला. मॅकफर्सनने चेंडू मायकेल ओवेन्सकडे दिला, ओवेन्स रेषा ओलांडून गेला आणि निकाल ३२-३१ लागला. ओवेन्सच्या पाठीवर ४४ होता. १ जानेवारी १९८८ च्या शुगर बाऊलमध्ये ऑबर्नचे प्रशिक्षक पॅट डाय यांनी उलटे केले. शेवटच्या सेकंदाला जिंकायचा प्रयत्न न करता त्यांनी किक मारून १६-१६ अशी बरोबरी पत्करली. जादा वेळेचा नियम तेव्हा नव्हता. सामना ‘टाय’ केला म्हणून चिडलेल्या सिरॅक्यूजकरांनी डाय यांना ढिगाने नेकटाय पाठवले. त्यांनीही ते सही करून विकले आणि पैसे शिष्यवृत्तीला दिले. मॅकफर्सन हाइसमनमध्ये दुसरा आला. पुढे त्याने पुरुषांकडून स्त्रियांवर होणाऱ्या हिंसेविरुद्ध बोलण्यात आयुष्य घातले. ब्राऊनवर अशाच हिंसेचे आरोप अनेकदा झाले होते आणि १९९९ मध्ये पत्नीच्या गाडीची मोडतोड केल्याबद्दल तो दोषीही ठरला होता. मोठेपणात मैदानाबाहेरचे वागणे धरायचे की नाही, हा प्रश्न या दोन नावांनी सिरॅक्यूजपुढे ठेवला. ब्राऊनने १९६७ मध्ये मुहम्मद अली यांच्या बाजूने नामवंत खेळाडूंना एकत्र आणले होते, तेही याच हिशेबात येते.

डॉनोव्हन मॅकनॅबची बाजू घेणारे एका रात्रीचा दाखला देतात. १४ नोव्हेंबर १९९८, डोममधला सामना, समोर व्हर्जिनिया टेक. शेवटच्या चढाईत तो मैदानावरच ओकला, तोंड पुसले आणि पुन्हा उभा राहिला. अखेरच्या खेळीत उजवीकडे पळत जाऊन त्याने चेंडू मैदानाच्या पार डाव्या कडेला फेकला. स्टीफन ब्रोमिन्स्कीने तो धरला आणि सिरॅक्यूज २८-२६ ने जिंकले. चार वर्षे तो पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक होता. त्याच्या फेकी झेलणारा मार्व्हिन हॅरिसन, त्याआधीचा आर्ट मंक, साठच्या दशकातला जॉन मॅकी, बचावातला ड्वाइट फ्रीनी हे सगळे व्यावसायिक खेळाच्या सन्मानयादीत आहेत. मॅकीच्या नावाने तर दरवर्षी टाइट एंड या त्याच्या जागेवर खेळणाऱ्या देशातल्या सर्वोत्तम खेळाडूला पुरस्कार दिला जातो. सिरॅक्यूजमधल्या वादात मात्र त्यांची नावे सहसा पहिल्या पाचानंतरच निघतात.

४४ नंबर शेवटचा घातला रॉब कोनराडने, १९९८ मध्ये. १२ नोव्हेंबर २००५ रोजी तो कायमचा निवृत्त करण्यात आला. त्याच वर्षी सिदत-सिंगचाही नंबर निवृत्त झाला, पण बास्केटबॉलचा. २०१३ मध्ये मेरिलँड विद्यापीठाने त्याच्या नातेवाइकांना मैदानावर बोलावून १९३७ बद्दल माफी मागितली. डेव्हिसचा पुतळा २००८ मध्ये विद्यापीठात बसला तेव्हा त्याच्या बुटांवर नायकीची खूण होती. ती कंपनी डेव्हिसच्या मृत्यूनंतर जन्मली. चूक लक्षात आल्यावर पुतळा दुरुस्त करावा लागला. पुढे सराव केंद्राबाहेर ‘प्लाझा ४४’ मध्ये तिघांचे पुतळे एकत्र उभे राहिले. त्यांच्यात क्रम लावण्याचे काम शिल्पकाराने टाळले.

क्रम लावला तो बाहेरच्यांनी. महाविद्यालयीन फुटबॉलला दीडशे वर्षे झाली म्हणून ईएसपीएन वाहिनीने जानेवारी २०२० मध्ये देशातल्या दीडशे सर्वश्रेष्ठ खेळाडूंची यादी जाहीर केली. पहिला क्रमांक ब्राऊनला दिला, १९५६ मध्ये ज्याला मतदारांनी पाचवा ठरवले होते त्याला. लिटल १ जानेवारी २०२१ रोजी वारला आणि ब्राऊन १८ मे २०२३ रोजी, डेव्हिसच्या मृत्यूला बरोबर साठ वर्षे झाली त्या दिवशी. दरम्यान २०२१ मध्ये शॉन टकरने एका हंगामात १,४९६ यार्ड धावून मॉरिसचा बेचाळीस वर्षांचा विक्रम मोडला. कारकिर्दीतल्या एकूण यार्डांच्या यादीत २०२२ च्या हंगामाअखेर पहिल्या तीन जागांवर मॉरिस, वॉल्टर रेयेस आणि टकर होते. तिघांपैकी एकानेही ४४ नंबर घातला नव्हता.